जमिनीखालचा दोर : सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारचा मागोवा

सॅन फ्रान्सिस्को हे टेकड्यांचे शहर. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियात माणसांचे लोंढे येऊ लागले आणि खाडीकाठच्या एका लहानशा वस्तीचे पाहता पाहता शहर झाले. शहराची आखणी करणाऱ्यांनी चढउतारांची फिकीर न करता कागदावर काटकोनी चौकटी आखल्या आणि रस्ते वळणे न घेता सरळ टेकड्यांच्या अंगावरून वर नेले. त्यामुळे या शहरात असे काही रस्ते तयार झाले, की ज्यांवरून नुसते चालत जायचे तरी छाती भरून येते. या रस्त्यांवरून आजही एक लाकडी गाडी चढते. तिला इंजिन नाही, डोक्यावर विजेची तार नाही. रुळांच्या मधोमध एक अरुंद फट आहे, फटीखाली खंदक आहे आणि त्या खंदकातून पोलादी तारांचा दोर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने अखंड पळत असतो. गाडीतला चालक लांब दांडा ओढतो, दांड्याच्या खालच्या टोकाचा चिमटा दोर पकडतो आणि गाडी दोराबरोबर निघते. आपल्या रायगडावर जाणारा रोपवे हवेतून जातो. इथे दोर जमिनीच्या पोटात आहे. ही केबल कार आज जगप्रसिद्ध आहे, पण ती या शहरात जन्माला कशी आली, मरता मरता वाचली कशी आणि तिला वाचवले कोणी, हे पाहण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागेल. तेही आधी युरोपातल्या किल्ल्यांत आणि खाणींत.

दोराने गाडी ओढण्याची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहराच्या डोक्यावर होहेनसाल्झबुर्ग नावाचा किल्ला आहे. त्या किल्ल्यावर सामान चढवण्यासाठी लाकडी रुळांवरून दोराने ओढली जाणारी एक गाडी होती आणि तिचा लेखी उल्लेख १५१५ इतका जुना सापडतो. तिचा दोर तागासारख्या धाग्यांचा होता आणि तो ओढण्यासाठी माणसांचे नाहीतर जनावरांचे बळ लागे. नवे रूळ आणि नवा दोर घेऊन ती वाट आजही चालू आहे. पुढची तीन शतके ही युक्ती मुख्यतः खाणींत राहिली. मात्र खोल खाणीत धाग्याचा दोर ओलाव्याने कुजे, घासून झिजे, तर लोखंडी साखळीची एखादी कडी निखळली की सगळेच संपे. जर्मनीतल्या हार्त्झ डोंगरात, क्लाउसथाल येथे, विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारा एकत्र पिळून दोर तयार केला. त्यातली एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार पेलत आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसे, म्हणून धोका आधी कळे. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अँड्र्यू स्मिथ नावाच्या संशोधकाने तारदोराचे पेटंट घेतले. हे नाव आपण लक्षात ठेवू, कारण त्याचाच मुलगा या कथेचा नायक आहे.

तारदोर आला, तरी प्रश्न सुटला नव्हता. १८४० मध्ये लंडन–ब्लॅकवॉल रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांना वाफेची स्थिर यंत्रे होती आणि ती मैलोगणती लांब दोर गुंडाळून डबे ओढत. प्रत्येक स्थानकाचा डबा दोराला जोडायचा, स्थानक आले की सोडवायचा, आणि सगळे डबे सुटेपर्यंत उलटा प्रवास सुरू होऊ शकत नसे. दशक सरता सरता तिथे साधी वाफेची इंजिने आली. फिलाडेल्फियाच्या गार्डनर नावाच्या गृहस्थाने १८५८ मध्ये फट असलेल्या भुयारातून दोर नेण्याचे पेटंट घेतले, पण त्यावर गाडी कधी धावली नाही. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स हार्वीने १८६८ च्या सुमारास खांबांवरच्या रेल्वेला दोराने ओढण्याचा प्रयत्न केला, तोही काही वर्षांत गुंडाळला गेला. या सगळ्यांना दोर होता, यंत्र होते, रूळ होते. त्यांच्यात उणीव होती ती एकाच गोष्टीची. धावता दोर हवा तेव्हा पकडता यावा, हवा तेव्हा सोडता यावा आणि पकडताना गाडीला हिसका बसू नये, असा चिमटा कोणाजवळ नव्हता.

अँड्र्यू स्मिथ हॅलिडी याचा जन्म १८३६ मध्ये लंडनला झाला. हॅलिडी हे आडनाव त्याने नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या आदराने पुढे जोडले. १८५२ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, तो वडिलांबरोबर कॅलिफोर्नियात आला. सोने शोधण्यात त्याचे मन आणि नशीब दोन्ही रमले नाहीत, पण वडिलांची विद्या कामी आली. त्याने नद्यांवर झुलते पूल बांधले आणि १८५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तारदोर बनवण्याचा कारखाना काढला. नेव्हाडातल्या चांदीच्या खाणी भरात होत्या आणि त्यांना दोर हवेच होते. डोंगरातून खनिज खाली आणण्यासाठी त्याने अखंड फिरणाऱ्या दोरावर टोपल्या लटकवण्याची पद्धतही बसवली. खाणीतला आल्बर्टचा दोर असा अटलांटिक ओलांडून डोंगरांवर पोहोचला. आता तो शहराच्या रस्त्याखाली उतरायचा होता.

हॅलिडीने पुढे स्वतः सांगितले, की १८६९ मध्ये त्याने शहरातल्या एका चढावर घोड्यांचे हाल पाहिले आणि त्यातून ही कल्पना सुचली. ओल्या दगडी रस्त्यावर घोड्यांचे पाय घसरत, आणि एक घोडा पडला की बाकीचे आणि गाडी त्याच्याबरोबर खाली ओढली जात. ही आठवण खरी असावी, पण या कथेत तो एकटा नव्हता. बेंजामिन ब्रुक्स नावाच्या वकिलाने १८७० मध्ये शहराकडून दोराने चालणाऱ्या गाडीची परवानगी आधीच मिळवली होती. त्याला भांडवल मिळाले नाही, म्हणून तो हक्क हॅलिडीकडे आला. चिमट्याची रेखाटने विल्यम एपेल्सहायमर या जर्मन अभियंत्याने केली. परवानगीची मुदत १ ऑगस्ट १८७३ रोजी संपत होती. २ ऑगस्टच्या पहाटे, धुक्यात, क्ले स्ट्रीटच्या माथ्यावर पहिली गाडी उभी राहिली. चालवायला नेमलेल्या माणसाने खाली पसरलेला उतार पाहून माघार घेतली आणि हॅलिडीने दांडा स्वतः हातात घेतला, असे सांगितले जाते. गाडी खाली गेली आणि दोर धरून पुन्हा वर आली. एक दिवस उशीर झाल्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. १ सप्टेंबर १८७३ पासून क्ले स्ट्रीटची गाडी लोकांसाठी सुरू झाली.

इथे आपण क्षणभर मुंबईकडे वळू, कारण तारखा फार जवळ आहेत. बॉम्बे ट्रामवे कंपनी १८७३ मध्येच उभी राहिली आणि ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे पहिले मार्ग. मुंबई सपाट होती, म्हणून तिला घोडे पुरले. सॅन फ्रान्सिस्कोला टेकड्या होत्या, म्हणून तिला घोडे सोडावे लागले. दोन बंदरे, एकाच काळात वाढलेली, एकमेकांपासून हजारो मैलांवर. आणि दोघांनी नऊ महिन्यांच्या अंतराने रस्त्यावरच्या रुळांवर दोन वेगळ्या रीतींनी नवी गाडी आणली. या दोन वाटा आपल्याला पुढे पुन्हा पुन्हा समोरासमोर भेटतील.

क्ले स्ट्रीटची गाडी सुरू झाल्यावर शहराचा भूगोलच पालटला. तोपर्यंत धनवान सपाटीवर राहत आणि चढण चढण्याचे कष्ट गरिबांच्या वाट्याला येत. आता टेकडीवर जाणे सोपे झाले आणि तिथली जमीन महाग झाली. रेल्वेसम्राट आणि कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड याने १८७८ मध्ये कॅलिफोर्निया स्ट्रीटवर आपला मार्ग सुरू केला. तो ज्या नॉब हिलवरून जातो, तिच्या माथ्यावर स्टॅनफर्ड, हॉपकिन्स, क्रॉकर अशा धनवानांचे प्रासाद उभे राहिले. त्याआधी, १८७७ मध्ये, सटर स्ट्रीटच्या कंपनीने एसा होव्ही या यंत्रज्ञाच्या मदतीने दोर बाजूने पकडणारा चिमटा आणला होता. १८९० च्या आसपास शहरात आठ कंपन्यांच्या सुमारे ६०० गाड्या होत्या. बाजारहाट, कचेरी, शाळा, बंदरावरची बोट, सगळे या गाड्यांच्या घंटेवर चालू लागले.

इतर शहरांनीही हा दोर उचलला. न्यूझीलंडमधल्या डनेडिन या टेकड्यांच्या गावात १८८१ मध्ये अमेरिकेबाहेरची पहिली अशी गाडी चढली. शिकागोने १८८२ मध्ये सुरुवात केली. तिथे टेकड्या नव्हत्या, पण बर्फाच्या दिवसांत घोड्यांपेक्षा दोर भरवशाचा होता. मेलबर्नने १८८५ पासून इतके मोठे जाळे विणले, की ते १९४० पर्यंत चालले. आपल्याला वाटेल की आता दोराचे राज्य पक्के झाले. पण फेब्रुवारी १८८८ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग याने विजेवर चालणारी ट्राम नियमित धावती करून दाखवली आणि दोराचा काळ फिरला. हिशोब सरळ होता. दोराच्या गाडीला रस्ता खणून खंदक बांधावा लागतो आणि यंत्राची बरीचशी शक्ती मैलोगणती लांब दोर स्वतःच ओढण्यात खर्च होते, गाड्या भरलेल्या असोत की रिकाम्या. विजेच्या ट्रामला खांब आणि तार पुरते. एकामागून एक शहरांनी दोर काढून टाकला. शिकागोतली शेवटची गाडी १९०६ मध्ये थांबली.

त्याच १९०६ च्या १८ एप्रिलला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाने हादरवले. पाठोपाठ आग लागली आणि ती तीन दिवस जळत राहिली. नॉब हिलवरचे प्रासाद, यंत्रगृहे, गाड्यांच्या वखारी, सगळे खाक झाले. शहरातला बहुतेक वाहतूक धंदा हाती असलेल्या युनायटेड रेलरोड्स या कंपनीला विजेच्या उघड्या तारा हव्याच होत्या, पण रस्त्यांचे रूप बिघडेल म्हणून प्रतिष्ठित नागरिक विरोध करत होते. भूकंपानंतरच्या घाईत परवानगी मिळाली. ती लाच देऊन मिळवली गेली, हे पुढच्या चौकशीत उघड झाले. शहराचा राजकीय सूत्रधार एब रूफ तुरुंगात गेला. तारा मात्र राहिल्या. ज्या रस्त्यांवर विजेची ट्राम चढू शकली, तिथला दोर गेला. जे रस्ते तिला झेपले नाहीत, तिथेच तो उरला. मुंबईतही ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि घोडे गेले. दोन्ही शहरे एकाच विजेच्या युगात शिरली. फरक इतकाच, की एका शहराच्या सर्वांत उभ्या चढांवर जुने तंत्र केवळ नाइलाजाने जिवंत राहिले.

नाइलाजही फार टिकला नाही, कारण मोटारबसची इंजिने दमदार झाली. शहराच्या मुनी या वाहतूक संस्थेकडे १९४४ मध्ये पॉवेल स्ट्रीटचे मार्ग आले. महापौर रॉजर लॅपहॅम यांनी २७ जानेवारी १९४७ रोजी जाहीर केले, की या गाड्या जुनाट आणि तोट्याच्या आहेत, त्या काढून बस आणाव्यात. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. हिशोबाच्या वहीत तो बिनचूकही होता. त्याला उत्तर देण्यासाठी फ्रीडेल क्लुसमन या गृहिणी पुढे आल्या. त्यांनी शहरातल्या बायकांच्या २७ संघटना एकत्र आणल्या आणि केबल कार वाचवण्यासाठी नागरिकांची समिती स्थापली. त्यांचे म्हणणे असे, की तोट्याचा आकडा मांडायचा तर या गाड्यांसाठी शहराकडे येणाऱ्या माणसांचा आणि त्यांच्या पैशाचा आकडाही मांडा. त्यांनी सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली आणि प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. ४ नोव्हेंबर १९४७ रोजी मतदान झाले. गाड्या ठेवा म्हणणारे १,६६,९८९, नको म्हणणारे ५१,४५७. गाडी चालवण्याची सक्ती शहराच्या सनदेत लिहिली गेली.

विजय पूर्ण नव्हता. सनदेने संरक्षण दिले होते ते पॉवेल स्ट्रीटच्या मार्गांना. स्टॅनफर्डची जुनी खासगी कंपनी १९५१ मध्ये विम्याचा खर्च न पेलल्याने बंद पडली आणि १९५२ मध्ये शहराने तिचे मार्ग विकत घेतले. मग १९५४ पासून कपात सुरू झाली. काही मार्ग उखडले, कॅलिफोर्निया स्ट्रीटचा पश्चिमेकडचा भाग गेला, हाइड स्ट्रीटचा तुकडा पॉवेलला जोडला गेला. आज दिसते ते जाळे १९५७ मध्ये ठरले: पॉवेल–मेसन, पॉवेल–हाइड आणि कॅलिफोर्निया, असे तीन मार्ग. क्लुसमनबाईंनी पुन्हा लढा दिला आणि १९७१ मध्ये या तिन्ही मार्गांवरची किमान सेवा सनदेत बांधून घेतली. १९८६ मध्ये त्या वारल्या तेव्हा शहरातल्या गाड्यांवर काळी पट्टी होती. हाइड स्ट्रीटच्या टोकाला ज्या फिरत्या चबुतऱ्यावर गाड्या वळवतात, तो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

१९४७ या वर्षाकडे आपण मुंबईतून पाहू. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ट्राम चालवणाऱ्या बेस्टचा कारभार ताब्यात घेतला. ट्राम खासगी कंपनीकडून नागरिकांच्या मालकीची झाली, अगदी त्याच वर्षी, ज्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरिकांनी आपल्या गाडीवर मत दिले. पुढे बस वाढल्या, मोटारी वाढल्या, रस्त्याच्या मध्यातली ट्राम अडचणीची वाटू लागली आणि एकेक मार्ग मिटत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. तिला निरोप द्यायला रस्त्यांवर गर्दी उसळली होती. त्याच १९६४ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. त्या यादीत बहुतेक स्थिर वास्तू होत्या; हे स्मारक चालणारे होते. मुंबईकरांचे ट्रामवरचे प्रेम सॅन फ्रान्सिस्कोकरांपेक्षा कमी होते, असे मला वाटत नाही. मुंबईत ते प्रेम निरोपाच्या रात्री रस्त्यावर आले. तिकडे ते १७ वर्षे आधी मतपेटीत पडले होते.

स्मारक म्हटले, की गोठून जाणे आले. ही गाडी गोठली नाही, कारण ती रोज चालत राहिली आणि रोजच्या भांडणातही राहिली. बाहेरच्या पायरीवर दांडा धरून उभे राहण्याची मुभा फक्त पुरुषांना होती. १९६५ मध्ये मोना हचिन या विद्यार्थिनीने आत जायला नकार दिला, पोलीस बोलवावे लागले आणि त्यानंतर तो नियम गेला. चिमट्याचा दांडा ओढायला खांद्यात बळ आणि अंगात कसब लागते, म्हणून ते काम पुरुषांचेच मानले जाई. १५ जानेवारी १९९८ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, फॅनी मे बार्न्स यांनी तो दांडा हातात घेतला आणि त्या पहिल्या महिला चालक ठरल्या. या दोन घटनांच्या दरम्यान यंत्रणा जीर्ण झाली होती. महापौर डायन फाइनस्टाइन यांनी निधी उभा केला. सप्टेंबर १९८२ मध्ये सेवा थांबवून ६९ ब्लॉकांतले रूळ आणि खंदक नव्याने बांधले गेले, सुमारे ६ कोटी डॉलर खर्च झाले आणि २१ जून १९८४ रोजी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. करोनाच्या साथीत त्या मार्च २०२० पासून दीड वर्ष थांबल्या, तेव्हाही परत येणार की नाही असा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नाही. २०२३ मध्ये गाडीला १५० वर्षे झाली.

आज वॉशिंग्टन आणि मेसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या विटांच्या इमारतीत आपण शिरलो, तर सगळा इतिहास एका जागी चालताना दिसतो. पुरुषभर उंचीहून मोठी चाके विजेच्या मोटरींनी फिरत असतात आणि त्यांवरून चार दोर शहराखाली जातात. हा दोर सुमारे सव्वा इंच जाडीचा. मध्ये धाग्याचा गाभा, भोवती पोलादाचे सहा पीळ, प्रत्येक पिळात एकोणीस तारा. म्हणजे साल्झबुर्गचा धागा आत आणि क्लाउसथालची तार बाहेर. वर रस्त्यावर पॉवेल आणि कॅलिफोर्निया स्ट्रीट जिथे छेदतात, तिथे पॉवेलच्या दोराला कॅलिफोर्नियाच्या दोराखालून जावे लागते. म्हणून पॉवेलचा चालक चिमटा वेळेवर सोडतो, गाडी आपल्या वेगात चौक ओलांडते आणि पलीकडे तो पुन्हा दोर धरतो. चूक झाली तर दोर तुटू शकतो. चाकांच्या लोखंडी ब्रेकखेरीज रुळांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळे असतात आणि ते काही दिवसांतच झिजून बदलावे लागतात. पॉवेलच्या गाड्यांना एकाच टोकाला चालकाची जागा असते, म्हणून शेवटच्या थांब्यावर चालक आणि कंडक्टर दोघे मिळून गाडी फिरत्या चबुतऱ्यावर खांद्याने ढकलून वळवतात. कॅलिफोर्नियाच्या गाडीला दोन्ही टोकांना दांडे, तिला वळवावे लागत नाही.

पॉवेलच्या थांब्यावर पाहुण्यांची रांग लागलेली असते. सिलिकॉन व्हॅलीत राहणारी मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आई-वडिलांना बहुधा तिथेच घेऊन येतात. शहरातले लोक मात्र महिन्याच्या पासवर मधल्या थांब्यावर चढतात, आणि ज्यांना गर्दी नको ते कॅलिफोर्नियाचा मार्ग धरतात. १९४९ पासून युनियन स्क्वेअरमध्ये घंटा वाजवण्याची स्पर्धा भरते. प्रत्येक चालकाचा ठेका निराळा आणि जुने रहिवासी तो कानाने ओळखतात. हे सगळे काचेच्या पेटीत ठेवून जपता आले नसते.

या मागोव्यातून मला निघणारा निष्कर्ष एकच आहे. केबल कार उत्तम यंत्र म्हणून टिकली नाही. १८८८ नंतर ती कधीच उत्तम यंत्र नव्हती. ती टिकली, कारण लोकांनी ती चालू असतानाच तिच्यासाठी सही केली, मत दिले आणि कायदा लिहून घेतला. मुंबईची जुनी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली, आणि १९६४ सारखीच गर्दी तिच्याही निरोपाला जमली. आपल्या गावात रोजच्या उपयोगाची अशी एखादी गोष्ट अजून चालती असेल, मग ती बोट असो, लहान रुळांची गाडी असो की एखादा बाजार, तर तिच्यासाठीचा अर्ज तिच्या शेवटच्या फेरीच्या आधी द्यावा. क्लुसमनबाईंनी महापौरांच्या घोषणेनंतर सहा आठवड्यांच्या आत समिती स्थापली होती.